शी! काय ती चित्रं! मलाही पाठवा

आषाढ निम्मा सरला की आपल्या फोनमधल्या कोंबड्या पळायला लागतात. पुढे कोंबडी, मागे सुरी घेतलेला लुंगीवाला, त्याच्या मागे हातातला ग्लास न सांडता धावणारे चौघे. दुसऱ्या चित्रात बोकड भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे डोळे लावून बसलेला, श्रावणाला किती दिवस उरले ते मोजतोय. तिसऱ्यात एक गृहस्थ गटाराच्या कडेला आडवे झालेत आणि गटारातला बेडूक त्यांच्या अंगावर पांघरूण घालतोय. चौथं चित्र इथे सांगण्यासारखं नाही. तुमच्याकडे आलंच असेल.

आता बोला! सकाळी सात वाजता, दात घासायच्या आधी, जावयाने सासऱ्यांना असलं काही पाठवायचं? सासऱ्यांनी त्यावर रडेपर्यंत हसणारी तीन तोंडं टाकायची आणि तेच चित्र व्याह्यांकडे ढकलायचं? आणि तो सोसायटीचा गट! एरवी पाण्याचा टँकर, पार्किंग आणि चौथ्या मजल्यावरचा कुत्रा यापलीकडे तिथे विषय जात नाही. पण आषाढ संपता संपता सेक्रेटरीसाहेब स्वतः 'गटारी स्पेशल' टाकतात आणि मेन्टेनन्स थकवलेले सभासदसुद्धा अंगठा देतात. वर्षभरात सेक्रेटरींना मिळालेला तेवढाच काय तो बिनविरोध पाठिंबा. आणि ते संस्कृतीवाले काका? सकाळी नऊला त्यांची समई येते. आज दीप अमावास्या, तिला भलत्या नावाने हिणवू नका, घरातले दिवे घासा, कणकेचे दिवे उकडा, तुपात बुडवून खा. अकरा वाजता त्याच नंबरावरून कोंबडी येते. दोन्ही वेळा काका तितकेच मनापासून बोलत असतात. दिवे काकूंनी घासलेले असतात, त्यामुळे काकांची निदान एक बाजू भक्कम असते.

आपण मीरा-भाईंदरकरांनी तर याबद्दल तोंड वर करून बोलायची सोयच नाही. त्या चित्रांच्या मागचा डोंगर, तो ओढा, ते पत्र्याच्या शेडखालचं टेबल, सगळं आपल्या चेण्याचंच वाटतं. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मधून घोडबंदर रोड. महापालिकेच्या हिशेबात चेणे आपलं. आषाढाच्या शेवटच्या रविवारी मात्र ते अख्ख्या मुंबईचं. येऊरच्या गेटावर नाकाबंदी लागली की ठाण्याची गाडी इकडे वळते. बोरिवलीची तर कुणी न वळवताच येते. डिकीत बर्फ, मांडीवर चकण्याची पिशवी, मागच्या काचेवर 'आई एकवीरेचा आशीर्वाद', आणि फाउंटनपासूनच फोनवर ओरडा सुरू: 'दादूस, पोचतोच आम्ही, तंदूर लावा!' बंगल्याचं भाडं वेगळं, कॅरिओकेचं वेगळं, कोळशाचं वेगळं. ओढ्यात उतरू नका असा मनाईचा फलक लागला की त्या फलकाला टेकून पहिला फोटो. आणि दुसऱ्या दिवशी बाटल्या वेचायला पाड्यावरची पोरं ओढ्यात उतरतात. हे चित्र मात्र कुणी फॉरवर्ड केल्याचं आजवर पाहिलं नाही. त्यावर हसू येत नाही ना!

फोनला शिव्या घालून हात झटकायची घाई करू नका. 'ह्या मोबाइलने पिढी बिघडवली' हे वाक्य तोंडावर आलंच असेल, ते जरा गिळा. पिढी कधीची बिघडलेली आहे. १७३३ साली, म्हणजे आपलं घोडबंदर अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं आणि मराठ्यांनी ते घ्यायला चार वर्षं होती तेव्हा, लंडनमध्ये विल्यम होगार्थ नावाच्या चित्रकाराने एक छापील चित्र बाजारात आणलं. 'मध्यरात्रीचा आधुनिक संवाद' असं त्याचं भारदस्त नाव. संवाद कसला, कपाळ! अकरा सभ्य गृहस्थ एका टेबलाभोवती. पहाट उजाडायला आलेली. मधोमध घमेल्याएवढं भांडं आणि त्यातून पळीने वाटप कोण करतंय? पाद्रीबुवा! एक जण धाडकन जमिनीवर पालथा आणि दुसरा त्याच्या बोडक्या डोक्यावर बाटली ओततोय. खिशात राजकारणाची वर्तमानपत्रं कोंबलेला एक विचारवंत मेणबत्तीवर चिलीम पेटवायला गेलाय आणि पेटलीय त्याच्या बाहीची झालर. केसांचे टोप कानावर आलेत. कोपऱ्यात एक भांडं काठोकाठ भरलंय. ते कशाने, ते विचारू नका.

बघा बरं नीट. वेगळं काय आहे? तो विचारवंत आपल्या ओळखीचा नाही? दोन पेगांनंतर ज्याला परराष्ट्र धोरण कळायला लागतं, तोच हा. वाटप करणारे आपल्याकडे पाद्री नसतात एवढंच. आपल्याकडे ते काम सगळ्यात कमी पिणाऱ्याकडे असतं आणि मध्यरात्रीपर्यंत सगळ्यात जास्त त्यालाच चढलेली असते.

आणि त्या घमेल्यात काय होतं म्हणता? पंच. अरक, लिंबू, साखर, पाणी, मसाला. ही कृती ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी सतराव्या शतकात हिंदुस्थानातूनच तिकडे नेली. म्हणजे लंडनच्या त्या अकरा जणांना पाडणारा माल मुळात आपला! अभिमान वाटायची ही जागा नव्हे, हे कळतं आपल्याला. पण वाटतो, त्याला काय करणार?

खरी गंमत पुढेच. चित्राखाली होगार्थने पद्यात बजावलं होतं की इथे कुणा खऱ्या माणसाचा चेहरा शोधू नका, आम्ही दुर्गुणावर कोरडा ओढतो, माणसावर नाही. मग काय, झालं! जो तो चेहरे शोधायला बसला. पाद्री कोण, वकील कोण, तो पडलेला अमका तर नव्हे? 'कुणाशी साम्य आढळल्यास निव्वळ योगायोग' हे वाक्य वाचल्यावरच आपण साम्य शोधायला लागतो, तीच ही गोष्ट. पाद्री म्हणजे कोण यावर पुढे अभ्यासकांनीही शाई खर्चली. तेव्हा चहाटळपणाला निदान विद्वत्तेचं धोतर तरी नेसवता येतं, हे बरं आहे.

चित्र इतकं चाललं की चोरांच्या उड्या पडल्या. नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, स्वस्तात विकल्या गेल्या. म्हणजे फॉरवर्डच की! फरक इतकाच की प्रत्येक फॉरवर्डमागे कुणी तरी तांब्याचा पत्रा कोरत बसे. होगार्थ चवताळला. त्याने आणि त्याच्यासारख्या इतरांनी पार्लमेंटचे उंबरे झिजवले आणि १७३५ साली छापील चित्रांवर चित्रकाराचा हक्क मानणारा कायदा करून घेतला. चौदा वर्षांचं संरक्षण. तो लागू होईपर्यंत त्याने आपली पुढची चित्रमालिका अडवून धरली. एका उधळ्या पोराची ती कहाणी. तिच्यातल्या तिसऱ्या चित्रात दारूच्या गुत्त्यात एक बाई दुसरीच्या तोंडावर दारूची चूळ सोडतेय, एक पोरगी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला मेणबत्ती लावतेय आणि रोमन बादशहांच्या तसबिरींपैकी धड डोकं फक्त नीरोचं उरलंय. बौद्धिक संपदेचा सन्मान व्हावा म्हणून एवढी थोर धडपड, आणि ती कशासाठी? तर झिंगलेल्यांचं चित्र दुसऱ्याने छापू नये म्हणून!

बरं, चित्र काढलं ते दारूबाजांना लाज वाटावी म्हणून. वाटली? छे हो! त्याच चित्राची नक्कल दारूच्या मगांवर आली, तपकिरीच्या डब्यांवर आली आणि शेवटी, धरा कपाळ, पंचाच्या भांड्यांवर आली. चीनमधून खास चिनी मातीची भांडी रंगवून मागवली गेली, त्यांवर होगार्थचे ते अकरा जण. म्हणजे यजमान भांडं टेबलावर ठेवणार, पाहुणे बाहेरून पिणाऱ्यांची फजिती बघून खो खो हसणार आणि आतून पळीने आपला ग्लास भरणार. निंदा बाहेर, नशा आत! होगार्थला हे कळलं तेव्हा तो काय म्हणाला असेल? काय म्हणणार? चार लोकांत नाव झालं की कलावंताचा राग निम्मा होतो.

पुढे १७५१ मध्ये त्याने जरा दमात घेतलं. 'जिन लेन' आणि 'बिअर स्ट्रीट' अशी जोडचित्रं काढली. तो काळच तसा होता. स्वस्त जिनने लंडनची गोरगरीब वस्ती पोखरली होती आणि त्याच वर्षी सरकारला जिनवर कायदा करावा लागला. जिनच्या गल्लीत आई तपकीर ओढतेय आणि मूल तिच्या हातून खाली निसटतंय. सुतार करवत गहाण टाकतोय, घरं कोसळतायत. ते चित्र बघवत नाही. आपण 'अरेरे' म्हणतो आणि चट्कन शेजारच्या चित्राकडे सरकतो, कारण बिअरच्या रस्त्यावर सगळे गुबगुबीत, आनंदी, धंदापाणी जोरात! होगार्थने दारू सोडा असं सांगितलंच नव्हतं. ती सोडा, ही घ्या, असं सांगितलं होतं. 'मी फक्त बिअर घेतो, बिअर म्हणजे काही दारू नव्हे' असं सांगणाऱ्या आपल्या समस्त मेव्हण्यांना एवढा मोठा आधार इतिहासात पडून आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही.

आणि सुधारलेल्यांचं काय सांगावं! पिणारा परवडला, पण सोडलेला माणूस बैठकीला नको. जॉर्ज क्रुकशँकचंच घ्या. हाही लंडनचा, हाही व्यंगचित्रकार, आणि घराणंही व्यंगचित्रकाराचं. वडील आयझॅक क्रुकशँक १८११ साली गेले, ते पिण्याची पैज लावून. मुलगाही तरुणपणी काही मागे नव्हता. १८४७ साली त्याने 'बाटली' नावाची आठ चित्रांची मालिका काढली. पहिल्या चित्रात सुखी कुटुंब, नवरा बायकोला म्हणतोय, घे गं, एक थेंब. आठव्यात नवरा वेड्यांच्या इस्पितळात, कारण त्याच बाटलीने त्याने बायकोला मारलंय. खप असा की विचारता सोय नाही. रंगभूमीवर नाटकं आली. आणि त्या चित्रांनी पहिला बळी कुणाचा घेतला? खुद्द चित्रकाराचा! क्रुकशँकने दारू सोडली.

नुसती सोडली असती तर प्रश्न नव्हता. मग सुरू झाली भाषणं. दारूबंदीच्या सभा, मित्रांना टोचणी, जेवणाच्या टेबलावर उपदेश. चार्ल्स डिकन्ससारख्या जुन्या दोस्ताशीही त्याचं बिनसलं. पुढे त्याने तेरा फूट लांबीचं एक प्रचंड तैलचित्र रंगवलं. बॅकसची पूजा. बॅकस म्हणजे तिकडचा मद्याचा देव. चित्रात आठशेच्या वर माणसं आणि सगळी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने पितायत. बारसं आहे, प्या. लग्न आहे, प्या. मयत आहे, मग तर प्याच. पाद्री, शिपाई, न्यायाधीश, दाई, कुणी सोडलं नाही. लोक रांगा लावतील अशी त्याची कल्पना होती. रांगा लागल्या नाहीत. लागतील कशा? आठशे लोकांत जो तो आधी स्वतःला शोधणार, सापडला की घरी जाणार!

आणि १८७८ मध्ये म्हातारा गेल्यावर काय उघडकीला आलं? सांगू? बायको एका घरी. तिथून हाकेच्या अंतरावर दुसरं घर. त्यात त्यांच्याकडे पूर्वी कामाला असलेली बाई आणि तिला यांच्यापासून झालेली मुलं. किती? अकरा! पेल्यावर बहिष्कार घालून वाचवलेला वेळ कुठे सत्कारणी लागत होता, त्याचा हिशेब लागला. लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारे निदान कोरडे पाषाण तरी असतात म्हणे. इथे तर कोरडेपणा फक्त घशापुरता.

परक्यांना हसून झालं, आता घरात बघा. आपल्याकडे दारूची फजिती कागदावर कमी आणि रंगमंचावर जास्त रंगली. १९१३ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'विद्याहरण' नाटकात शुक्राचार्यांनाच पेल्याच्या पायी अडचणीत आणलं, तेही प्रत्यक्ष पुराणाच्या आधाराने. मग आले राम गणेश गडकरी आणि 'एकच प्याला'. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि नाटक त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. थिएटरभर रुमाल ओले. सगळं खरं. पण खरं सांगा, लोक वाट कुणाची बघत होते? तळीरामाची! आर्य मदिरा मंडळाची ती सभा, ते ठराव, ती तात्त्विक चर्चा. दारू पिण्याची शास्त्रोक्त बाजू मांडणारी एवढी मुद्देसूद मंडळी तेव्हा दुसऱ्या कुठल्या सभेत जमत असतील? सिंधू जात्यावर दळतेय आणि आपण मनातल्या मनात म्हणतोय, हो बाई, फार वाईट झालं, पण तो तळीराम पुन्हा केव्हा येतोय?

गडकऱ्यांनी तळीराम उभा केला तो भीती वाटावी म्हणून. आज वर्तमानपत्रात ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी बातमी काय असते? 'तळीरामांना दणका', 'तळीरामांवर कारवाई', 'तळीरामांची झिंग उतरवली'. गुन्हा मद्यपान करून वाहन चालवल्याचा आणि भाषा कशी, शेजारच्या द्वाड पोराबद्दल बोलावं तशी. दंड भरणाऱ्यालासुद्धा वाटावं, चला, गडकऱ्यांच्या नाटकात नाव लागलं!

मुंबईत १९३९ साली दारूबंदी आली, त्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून 'ब्रँडीची बाटली' हा बोलपट आला. दामुअण्णा मालवणकर एका बाटलीपायी वणवण भटकतात आणि प्रेक्षक खुर्चीत मावत नाहीत. सरकार म्हणतंय बाटली वाईट, पडद्यावरही बाटलीने माणसाचे हालच चाललेत, आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या ओठांवर शब्द कुठला? बाटली! असली जाहिरात कुठल्या कंपनीला पैसे देऊन मिळाली असती? पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तो आजही आहे. त्या कायद्याने प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीसाठी दोन रुपयांत, आजन्म हवा तर हजार रुपयांत. म्हणजे चेण्याच्या त्या बंगल्यात बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात तो कागद असायला हवा. आहे? तिथल्या वीस जणांत आजन्म परवान्याचा धनी निघालाच तर तो हमखास एखादा सेवानिवृत्त सरकारी कर्मचारी असतो आणि तो परवाना पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवतो.

छापील चित्रांत आपण मागे होतो असंही समजू नका. दिवाळी अंक उघडा. खांबाला मिठी मारून 'दार उघड' म्हणणारा तो नवरा आणि दारामागे लाटणं घेऊन उभी असलेली ती बायको. पिढ्यान् पिढ्या तोच खांब, तेच लाटणं, आणि आपण दर वर्षी नव्याने हसतो. त्यात मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने तर कहरच केला. पानाला खिडकी कापलेली. खिडकीतून दिसतं ते भलतंच चावट, पान उलटलं की निघतं साधं सोज्वळ. दोष कुणाचा? बघणाऱ्याच्या डोळ्यांचा! हे अंक घरात यायचे ते 'साहित्य' म्हणून आणि राहायचे ते उशीखाली. बाबांनी मुलांपासून लपवायचे, मुलांनी आईपासून. आणि आईने ते कधीच वाचून, घडी मोडू न देता, होते तिथे परत ठेवलेले असायचे. बोला, कुठल्या घरात असं नव्हतं?

आणि आता गोव्याहून आलेला तो आजार. मारियो मिरांडा, लोटलीचे. जन्म १९२६, गेले २०११ मध्ये, पद्मविभूषण मरणोत्तर. या माणसाने गोव्याचे ताव्हेर्न काढले, फेणीने तांबडी झालेली नाकं काढली, व्हायोलिनवाले, पाद्री, टेबलाखालची कुत्री, सगळी एकमेकांच्या खांद्यावर कलंडलेली. होगार्थसारखा कोरडा यांनी ओढला नाही. त्या गर्दीवर त्यांचा जीव होता, ते दिसतं. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर त्यांची माणसं पितायत आणि भिंतीखाली आपण पितोय. कोण कुणाकडे बघून हसतंय, ते तिसऱ्या मगानंतर सांगता येत नाही.

इथवर ठीक होतं. पण आता गोव्याला जाऊन आलेला एक माणूस दाखवा, ज्याच्या घरी मारियो नाही! मिस फोन्सेकाचं लोहचुंबक फ्रिजवर, गुत्त्याचं चित्र टाइलवर, आणि मग तर घरटी चार. शाकाहारी घर, वर्षाला दोन सत्यनारायण, आणि दिवाणखान्यात फ्रेम कसली? तर तोल गेलेल्या पंधरा माणसांची! पाहुण्यांनी विचारलं तर 'ही रेषा बघा, रेषा'. रेषा बघतोय आम्ही! त्या मगातून वहिनी ग्रीन टी पितात, मुलगी दूध पिते आणि महिन्यातून एकदा, वहिनी माहेरी गेल्या की, त्याच मगाची मूळ हेतूशी गाठ पडते.

आणि आता तर चित्रकाराचीही गरज उरली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये जगभर जो तो एआयच्या यंत्राकडून आपल्या फोटोचं घिबली-छाप चित्र करून घेत सुटला होता, ते आठवतं? लोकांनी लग्नाचे फोटो दिले, बाळाचे दिले. आपल्या मंडळींनी काय दिलं असेल? चेण्याच्या बंगल्यातला रात्री दीडचा फोटो! आणि तो आला कसा परत? टपोरे डोळे, गुलाबी गाल, मागे हिरवागार डोंगर, ओढ्यावर चांदणं. उलटी करणारे भाऊसाहेबसुद्धा त्यात निसर्गाशी संवाद साधतायत असं वाटत होतं. होगार्थ बिचारा सभ्य माणसांना बेवडं करून दाखवायचा. हे यंत्र बेवड्यांना सभ्य करतं. आणि इथे 'साम्य शोधू नका' असं कुणी लिहीत नाही. उलट 'मी नीट ओळखू येत नाही, पुन्हा बनव' म्हणून भांडणं होतात!

बरं, हे सगळं आपल्याला कसं माहीत? आपण तर या भानगडीत नसतो ना! आपण फक्त गटात असतो. आपण फक्त 'बघायला' गेलो होतो. गाडी चालवायला कुणी तरी शुद्धीवर हवं म्हणून आपल्याला नेलं होतं, आणि सोडा आपण प्यायलो तो थंडाव्यासाठी. ते चौथं चित्र आपण कुणाला पाठवलं नाही, फक्त 'स्टार' करून ठेवलं. आणि पाठवलं असेल तर 'बघा, लोक कुठल्या थराला गेलेत' असं वर लिहून पाठवलं. ते निषेधात धरतात.

या निषेधाची सगळ्यात मोठी कसोटी लागते ती तारखेवर. २०२४ साली अमावास्या ४ ऑगस्टला, रविवारी आली. कुणाला काही समजावायची वेळच आली नाही. २०२३ साली मात्र घात झाला. अमावास्या आली सोमवारी, १७ जुलैला. सोमवारी कसं बसणार? मग आदल्या रविवारी उरकलं. आणि त्याच्या पाठोपाठ अधिक श्रावण! अधिक पाळायचा की नाही यावर घराघरांत शास्त्रार्थ पेटले. जन्मात पंचांग न उघडलेल्या माणसांनी अधिक आणि निज यांतला फरक असा काही विशद केला की गुरुजींनी शिष्यत्व पत्करावं. निज श्रावण १७ ऑगस्टला लागतो, तेव्हा खरी गटारी त्याच्या आदल्या दिवशी, असा एक पक्ष. दोन्ही पाळणारा म्हणजे दोन्ही वेळा बसणारा, असा दुसरा. दुसऱ्या पक्षाला बहुमत मिळालं, हे सांगायला नको. २०२५ मध्ये पुन्हा पंचाईत, २४ जुलै, गुरुवार. गुरुवारी दत्तगुरू, स्वामी, साईबाबा, सगळेच. मग बुधवारी कोंबडी आणि गुरुवारी दिवे, असा तोडगा निघाला. बुधवारी रात्री फॉरवर्ड झालेल्या चित्रांचा 'सीन' गुरुवारी सकाळी आंघोळीनंतर झाला, एवढाच काय तो अधर्म.

२०२६ ची अमावास्या आहे १२ ऑगस्टला. वार बुधवार. ना सोमवार, ना गुरुवार, ना चतुर्थी, कुठून कुणाचं बोट लागणार नाही असा निर्मळ वार. तरी आमच्या गटातल्या एका सज्जनाला खोट सापडलीच. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे म्हणे. गट हादरला. वेध लागले तर शिजवलेलं मटण चालेल का? बर्फात दर्भ टाकायचा का? सोड्याचं झाकण आधी उघडायचं की मोक्षानंतर? दीड तास चर्चा झाली, तीन ज्योतिषी आणि एक खगोलप्रेमी कामाला लागले. शेवटी संस्कृतीवाल्या काकांनीच निकाल दिला, ठळक अक्षरांत: ग्रहण स्पेनमध्ये आणि आइसलँडमध्ये दिसणार, भारतात नाही. जिथे दिसत नाही तिथे पाळायचं नसतं. बंगल्याचा अॅडव्हान्स लगेच भरा, दर वाढतील.